येतो म्हणालेत ना

मुलगी परत मेली. पडदा काळा झाला, मधोमध 'हवा संपली' अशी अक्षरं उमटली, आणि तिनं जराही न चिडता बटण दाबून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच अंतराळ स्थानक, तोच अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला तेच बाहेर उघडणारं जाड लोखंडी दार. दारापाशी आली की ती थांबायची. कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवायची आणि दाराकडं बघत बसायची. कोपऱ्यातला हवेचा आकडा उतरत जायचा, लाल व्हायचा, आणि ती मरायची. शिवशंकर तिच्या खुर्चीमागं उभा राहून हे सगळं बघत होता. लातूरच्या ट्यूशन एरियातल्या एका कॉम्प्युटर क्लासची लॅब गेम बनवणाऱ्या हैदराबादच्या एका कंपनीनं दिवसभरासाठी भाड्यानं घेतली होती, आणि गेमचे मराठी संवाद ज्यानं लिहिले त्या माणसानं पोरं कुठं अडखळतात ते डोळ्यांनी बघावं म्हणून त्याला बोलावलं होतं. पोरं लढाईत अडखळतील, नकाशात वाट चुकतील, असा त्याचा अंदाज होता. साध्या एका दारापाशी अडखळतील असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. शेवटी न राहवून तो वाकला आणि म्हणाला, "अगं, पुढं का जात नाहीस? उजव्या हाताला वाट आहे की." मुलीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. मनस्विनी तिचं नाव, किल्लारीची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला त्याच्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. "सर, आज्जा येतो म्हणालेत ना," ती म्हणाली. "मग?" "मग त्यांना सोडून कसं जायचं?" एवढं बोलून तिनं हेडफोन परत कानावर ओढला आणि दाराकडं बघत बसली.

त्याला हसू आलं, आणि मग लॅबमध्ये जरा फिरून आल्यावर येईनासं झालं. तीनचार ओळींत मिळून जितकी पोरं होती त्यातली निम्मी त्या दारासमोर होती. कुणी जागेवर उड्या मारून वेळ काढत होतं, कुणी भिंतीवरची यंत्रं उघडून बघत होतं, एकजण तर सरळ मोबाइल काढून बसला होता, आज्जा आले की खेळू म्हणून. शिवशंकर बाहेर पडला तेव्हा क्लास सुटले होते. पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरांचा लोंढा रस्ताभर पसरला होता आणि वर प्रत्येक खांबावर मागच्या वर्षी पहिल्या आलेल्यांचे हसरे फोटो लटकत होते. गर्दीतून वाट काढत तो स्वतःशीच ती ओळ पुटपुटत होता. 'बरं, येतो मी.' एवढीच तर ओळ. मूळ इंग्रजी संहितेत तिथं एक म्हातारा मेकॅनिक होता, आपण निघतोय एवढंच सांगून तो स्थानकाबाहेरची पाण्याची टाकी दुरुस्त करायला जायचा आणि कधीच परतायचा नाही. शिवशंकरनं त्याचा व्यंकटी आज्जा केला. त्याला आपल्या देवणीकडची बोली दिली, गुडघ्यावर हात ठेवून उठायची लकब दिली, आणि दाराबाहेर पडताना आपल्याकडचा कोणताही म्हातारा जे बोलेल ते त्याच्या तोंडी घातलं. विचारसुद्धा केला नव्हता. त्यात विचार करण्यासारखं होतं तरी काय?

दामिनीचा फोन तो खोलीचा जिना चढत असतानाच आला. दामिनी म्हणजे हैदराबादच्या ऑफिसात सगळ्या भाषांचं काम बघणारी, मूळची अमरावतीची, बोलायला फटकळ पण मनात किल्मिष नसलेली मुलगी. "सर, बघितलंत ना तुम्ही? इंग्रजीवाले तिथं डोळे पुसतात आणि पुढे जातात. हिंदीवालेही जातात. आपलेच लोक तेवढे उभे राहून मरून राहिलेत." तो म्हणाला, पोरं आहेत, कळेल त्यांना. "नाही कळत, सर. नाशिकलाही तेच झालं. तुम्ही 'जातो' करा ना, एका अक्षराचं तर काम आहे." शिवशंकर जिन्यातच थांबला. "जातो असं कुणी म्हणत नाही, दामिनी. घरातून निघताना तू तरी म्हणतेस का?" "नाही म्हणत. आई मुस्काटात मारेल." मग ती म्हणाली, "पण रोजच्या जगण्यात येतो म्हणणं वेगळं, सर. तिथं कुणी मनावर घेत नाही. गेममध्ये घेतात." सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर मीच बदलते, असं म्हणून तिनं फोन ठेवला. तिचं ते शेवटचं वाक्य मात्र त्याच्याबरोबर वर खोलीत आलं.

खोली म्हणजे औसा रोडच्या आतल्या बाजूला एका घराचा वरचा मजला. एकेकाळी दोघांना पुरेल म्हणून घेतलेला, आणि आता एकाला फार होणारा. मेसचा डबा दाराला अडकवलेला होता. डबा काढून टेबलावर ठेवला, हात धुतले, आणि तो न जेवताच बसून राहिला. गेममध्ये मनावर घेतात. ही गोष्ट त्याला स्वतःला कळायला बरेच महिने लागले होते. कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवता शिकवता एके वर्षी तासिकाच उरल्या नाहीत, तेव्हा ओळखीतून हे काम आलं. त्याआधी त्यानं आयुष्यात गेम खेळलेला नव्हता. अंतराळातला गेम म्हणजे अवकाशयानं, किरण सोडणाऱ्या बंदुका आणि चित्रविचित्र तोंडांचे प्राणी, अशी त्याची समजूत. संवाद लिहायचे तर आधी खेळून बघा, असं दामिनीनं बजावलं, आणि चाळिशीला टेकलेला हा गृहस्थ माउस हातात धरून भिंतींवर आदळत बसला. सुरुवातीलाच खेळानं विचारलं, तुम्ही कोण? सैनिक, वैद्य, व्यापारी, वाटाड्या? कोण व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि ताकद, बुद्धी, नजर, वाणी यांत मिळालेले गुण वाटून द्यायचे. त्यानं सगळेच्या सगळे गुण वाणीत ओतले. बंदूक धरता येईना, दोन पावलं पळाला की दम लागायचा, पण बोलायला लागला की चाचे हत्यारं खाली ठेवायचे. हे बघून तो एकटाच मोठ्यानं हसला होता, कारण घरी त्याच्या बोलण्यानं साधा गैरसमजसुद्धा कधी दूर झाला नव्हता.

मग हळूहळू त्याला चटक लागली. यानांची आणि ग्रहांची चटक नव्हतीच ती. ग्रह तर काय, डोंगर संपला की दुसरा डोंगर, आणि त्याबाबतीत आपला बालाघाटही काही कमी नाही. चटक लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या खेळात कुणी उगाच बोलत नसे. धक्क्यावर भेटलेली एखादी बाई सहज म्हणायची की माझा मुलगा तिसऱ्या चंद्रावर कामाला आहे, आणि खूप पुढं, तुम्ही ती बाई विसरूनसुद्धा गेल्यावर, तिसऱ्या चंद्रावर तो मुलगा खरोखरच भेटायचा आणि आई बरी आहे का असं विचारायचा. तुम्ही एखाद्याला तोडून बोललात तर तो ते लक्षात ठेवायचा. तुम्ही विचारलंच नाही तर समोरचा सांगायचाच नाही, आणि ते न सांगितलेलं तसंच राहून जायचं. प्रत्येक प्रश्नाला तीन-चार उत्तरं समोर मांडलेली असत, त्यातलं एक निवडावं लागे, आणि निवडलं की जग तेवढ्यापुरतं का होईना सरकत असे. चांगल्या खेळाचं मर्म त्याला इथंच सापडलं होतं, आणि कॉलेजात असता तर यावर त्यानं तासभर व्याख्यान झोडलं असतं. एवढं मोठं आकाश, एवढी अंतरं त्या लोकांनी उभी केली होती ती एकाच गोष्टीसाठी, समोरच्या माणसाच्या एका वाक्याला वजन यावं म्हणून. आजूबाजूला काहीच नसलं की बोललेलं फार मोठं होतं. हे त्याला पटलं होतं, आणि तरीही म्हाताऱ्याच्या तोंडी 'येतो' घालताना ते कसं विसरलो याचं त्याला आता राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

विसरला नव्हता. डबा उघडून त्यानं गार झालेली आमटी भातावर ओतली आणि त्याला एकदम लातूरच्या स्टँडवरची नांदेड गाडी दिसली. खिडकीत बायको, वर्षाराणी, मांडीवर बॅग, डोक्यावरून ओढणी बांधलेली. पाटबंधारे खात्यात तिला बढती मिळाली होती आणि बढतीबरोबर नांदेडला बदली. माहेर नांदेडचंच, त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. त्यानं खाली उभं राहून पाण्याची बाटली वर दिली, तिनं ती घेतली, कंडक्टरनं घंटी वाजवली आणि ती म्हणाली, "येते." तो म्हणाला, "हं, ये." पहिल्यांदा ती दर शनिवारी यायची. मग एकाआड एक शनिवार, मग सणावाराला, मग ऑफिसात ऑडिट, मग आईचा मोतीबिंदू, मग उन्हाळा. भांडण म्हणावं तर झालं नाही. भांडण झालं असतं तर त्याला निदान एक तारीख असती, त्या दिवसापासून असं म्हणता आलं असतं. आता त्यांचं बोलणं फोनवर होई. जेवलात का, हो, तू, हो, ऊन कसं आहे, लई आहे, बाकी काय, बाकी काही नाही. गेममध्ये एकदा विचारून झालेले प्रश्न राखाडी होतात, दाबले तर समोरचा तेच वाक्य पुन्हा म्हणतो. त्या दोघांचे सगळेच प्रश्न राखाडी झाले होते आणि दोघंही ते इमानानं दाबत होते. शेवटी ती म्हणायची "ठेवते", तो म्हणायचा "ठेव". येते हा शब्दसुद्धा फोनवर लागत नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

गावाकडून आईचा फोन मात्र राखाडी व्हायला तयार नसे. केवळाबाई देवणीजवळच्या गावात थोरल्या मुलाकडं राहायच्या. दारात एक देवणी जातीची गाय, तिच्या तब्येतीची खबर आधी आणि मग मूळ मुद्दा. "सूनबाई कवा येनार हाय रं, शिवा?" "येईल की, आई." "येते मनली का?" "हो, येते म्हणाली." "मंग येती. ती खोटं बोलायची न्हाई." आणि खरोखरच म्हातारी निश्चिंत व्हायची. एकदा तिनं सूनबाईसाठी मुगाचे सांडगे करून पाठवले. ते डब्यात तसेच होते, कारण ते वर्षाराणीचे होते. शिवशंकरला आईच्या भोळेपणाचं हसू येई. आज पहिल्यांदा त्याला जाणवलं की आई, ती किल्लारीची मुलगी आणि तो स्वतः, तिघंही एकाच दारापाशी उभे आहेत. त्यातली मुलगी तेवढी प्रामाणिकपणे मरत तरी होती.

पण दार बंद कुणी केलं? हे मनात आलं आणि त्याचा घास तसाच हातात राहिला. दामिनीशी त्याचं पहिलं भांडण झालं होतं ते 'बघू'वरून. उत्तरांच्या पर्यायांत हो, नाही, आणखी सांगा, एवढंच असायचं, आणि त्याचं म्हणणं होतं की मराठी माणूस असलं तोंडावर हो-नाही बोलत नाही, चौथा पर्याय 'बघू' असा हवा. दामिनी म्हणाली होती, "सर, पण बघू म्हणजे हो की नाही? खेळाला काहीतरी एक कळायला पाहिजे ना." त्यावर तो जरा घुश्शातच म्हणाला होता, की ज्याला कळायचं त्याला कळतं. आता त्याला नांदेडमधली ती पावसाळी दुपार आठवली. तरोडा नाक्याकडं वर्षानं नुकतंच घर घेतलं होतं भाड्यानं. तो दोन दिवसांसाठी गेला होता. तिनं त्याला हौसेनं सगळं घर दाखवलं. कॉलेजातल्या तासिका तेव्हाच बंद झाल्या होत्या, काम घरी बसून करायचं होतं, लातुरात अडकून राहायला तसं काही कारण उरलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी उभं राहून ती म्हणाली, "इथंच या ना राहायला. इथून काम होत नाही का?" तिचा आवाज जरा खाली आला होता. त्यानं खिडकीबाहेर बघितलं, गोदावरीकडून ढग येत होते, बायकोच्या माहेरच्या गावात बायकोच्या पगाराच्या घरात जाऊन राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील असा एक बारीकसा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि तो म्हणाला, "बघू." तिनं मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली. ते 'बघू' त्याच्या लेखी तिथंच हवेत विरून गेलं होतं. ज्याला कळायचं त्याला कळतं. तिला कळलं होतं. तिच्या 'येते'ची तो वाट बघत बसला, आणि त्याच्या 'बघू'ची वाट ती कुठवर बघत राहिली असेल, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठून उगाचच खोलीत फेऱ्या मारायला लागला.

सकाळी त्यानं दामिनीला फोन केला. "ओळ बदलू नकोस. म्हातारा येतो म्हणणारच, त्याला दुसरं काही म्हणता येत नाही. मला त्या जागी आणखी एक माणूस दे. थांबलेल्याजवळ येऊन, ते येणार नाहीत, असं सांगणारा." "कोण सांगणार?" दामिनीनं विचारलं. "यानातला कुणी? की स्थानकातला? आणि सांगणार काय? कॅमेरा तोंडावर असेल, सर, गुळमुळीत चालायचं नाही." तो म्हणाला, कळवतो. आईलाही सांगितलं, आज नांदेडला निघालोय, वर्षाकडं. म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं. मग त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्टँडवर आला. नांदेड गाडीत खिडकीची जागा मिळाली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, आणि तो मनातल्या मनात बोलण्याची तयारी करत राहिला. सगळे गुण वाणीत घातलेला तो दुसरा शिवशंकर आता हवा होता. 'मी राहायला येतोय' हे आधी म्हणायचं, की 'चुकलो' हे आधी? लोहा येईपर्यंत त्यानं दोन्ही बाजूंचे संवाद लिहून काढले होते आणि सगळ्यांचे शेवट चांगले होत होते.

रविवार होता. वर्षाराणीनं दार उघडलं, क्षणभर तिच्या चेहऱ्यावर कुणी गेलंबिलं की काय अशी भीती दिसली, आणि मग ती बाजूला झाली. "या." आठवड्याच्या साड्यांना ती इस्त्री करत होती. त्याला पाणी दिलं ते ताटलीत पेला ठेवून. खिडकीपाशी, जिथं उभं राहून ती तेव्हा बोलली होती, तिथं आता एक उंच स्टीलचं कपाट होतं आणि त्यामुळं खोलीत उजेड जरा कमी वाटत होता. तो बसला नाही. बसलं तर जेवलीस का, ऊन कसं आहे, सुरू होईल अशी त्याला धास्ती वाटली. "वर्षा, मी इथं राहायला येतो," तो म्हणाला. "कायमचा. तू विचारलं होतंस तेव्हाच यायला पाहिजे होतं. मला तेव्हा लोकांची लाज वाटली. ते काही कारण नव्हतं. मला तिथं एकट्यानं राहवत नाही. तुझ्यावाचून करमत नाही मला." इतकं सलग तो तिच्याशी लग्न झाल्यापासून बोलला नव्हता. शब्द एकही गुळमुळीत नव्हता. वर्षाराणी ऐकत होती. इस्त्री तिनं उभी करून ठेवली होती, आणि साडीचा अर्धा भाग गुळगुळीत, अर्धा चुरगळलेला तसाच टेबलावर पडून होता.

"हे तुम्हाला बोलता येतं तर," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नवल होतं. मग तिनं कपाटाकडं बोट केलं. "ती जागा तुमच्या टेबलाला ठेवली होती मी. उजेड डाव्या हातानं पाहिजे मनता ना तुम्ही लिहायला, म्हणून. लई दिवस रिकामीच ठेवली. येणारे-जाणारे विचारायचे, इथं काहीच कामून नाही ठेवलं? मग एक दिवस कपाट आणलं." "कपाट हलवता येईल, वर्षा." "येईल की," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले, "पण नका येऊ." इतका सरळ शब्द त्या दोघांमध्ये कधी कुणी वापरलाच नव्हता, त्यामुळं तो ऐकू येऊनसुद्धा आत पोचायला वेळ लागला. "रागानं नाही म्हणत," ती म्हणाली. "राग होता, तो सरला. आता मला एकटीला बरं वाटून राहिलंय. सकाळी उठून कुणाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं नसतं. ते ओळखण्यातच माझी सगळी वर्षं गेली." त्याला खूप काही विचारायचं होतं, पण तोंडातून आलं ते लहान पोरासारखं आलं. "मग येते कामून म्हणालीस, स्टँडवर?" वर्षाराणी रडता रडता हसली. "मग काय म्हणू? कुणी जाते मनतं का?" आणि मग, डोळे पुसून, हळू आवाजात, "तेव्हा खरंच यायचं होतं मला."

तिनं जेवायला वाढलं, तो जेवला. ती त्याच्यासमोर बसली आणि पोळी संपत आली की न विचारता दुसरी वाढत गेली, आणि हे सगळं अगदी पूर्वीसारखं होतं. निघताना तो दारात चप्पल घालत होता आणि सवयीनं तोंडून गेलंच, "बरं, येतो." "तसं नका म्हणू," ती म्हणाली. तो ओणवाच थांबला. वर बघायचं धाडस त्याला झालं नाही. "सावकाश जा," ती म्हणाली, आणि तो जिना उतरायला लागल्यावरही तिनं दार लावल्याचा आवाज आला नाही. रस्त्यावर येऊन रिक्षात बसेपर्यंत तो कान देऊन होता.

लातूरच्या गाडीत तो मागच्या बाकावर बसला. गोदावरीचा पूल मागं पडला. रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. उन्हात कापसाची पराटी उभी होती, मध्येच एखादं हिरवं हरभऱ्याचं शेत, मग परत पराटी. त्या एका ओळीचं काम राहिलंय हे त्याला आठवलं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून तो तेच करायला लागला. कुणीतरी बोळातून चालत येतं. थांबलेल्याजवळ उभं राहतं. आणि म्हणतं, आज्जांना उशीर होईल. छे. आज्जा आता दुसरीकडं गेलेत. ते तर त्याहून वाईट. तुम्ही पुढं व्हा, बघू नंतर. तो स्वतःवरच चरफडला. तोंडाशी येत होते ते सगळे शब्द असे होते की ऐकणारा आणखी थोडा वेळ थांबला असता. अहमदपूरला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, शेंगावाला ओरडत फिरून गेला, आणि गाडी सुटली तेव्हा आईचा फोन आला.

"पोचलास का रं? भेटली का?" मागं गाय हंबरत होती, आणि आईच्या आवाजात सणाच्या आदल्या दिवशीची लगबग होती. "भेटली, आई." "कशी हाय? वाळली का?" "बरी आहे. चांगली आहे." "कवा येती मनली?" शिवशंकरनं तोंड उघडलं. सगळी उत्तरं तयार होती, वर्षानुवर्षं वापरून मऊ पडलेली, आणि त्यातलं कोणतंही दिलं असतं तरी म्हातारी सुखानं झोपली असती. शेजारच्या माणसानं झोपेत त्याच्या खांद्यावर मान टाकली होती. "न्हाई येणार ती, आई," तो म्हणाला. "दिवाळीला न्हाई का?" "कवाच न्हाई. मी राहायला येतो मनलो तिथं, तर नका येऊ मनली. ती आता येणार न्हाई. तू वाट बघू नकोस." पलीकडं नुसती गाय हंबरली. "आई?" "हाय की," म्हातारी म्हणाली. तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "तुला कवापासून ठावं हाय हे?" तो म्हणाला, आजच कळलं, आणि मग म्हणाला, नाही, लई दिवस झाले. "आनि तू एकटाच बसला हुतास व्हय रं ते घेऊन, तिथं?" त्याच्या डोळ्यांसमोरची पराटी विरघळायला लागली. शेजारचा माणूस जागा होऊ नये म्हणून तो अजिबात न हलता रडत होता, आणि आई फोन न ठेवता ऐकत होती.

"ये हिकडं," शेवटी ती म्हणाली. "लातूरला जाऊ नगस. आजच ये."

शिरूर ताजबंदचा फाटा आला होता. उदगीरकडं, म्हणजे गावाच्या वाटेनं, जाणारी वडाप जीप कडेला भरत होती आणि पोऱ्या बोनेटवर थापा मारून गिऱ्हाइकं बोलवत होता. शिवशंकरनं झोपलेल्या माणसाचं डोकं अलगद उचलून बाकाच्या पाठीला टेकवलं आणि बॅग घेऊन दाराकडं निघाला. कंडक्टरनं त्याच्याकडं बघितलं. "लातूरचं तिकीट हाय की तुमचं."

"हाव," तो म्हणाला. "इथंच उतरायचंय मला."